मेहरू, तुझी घाई

मेहरू, आज शेड उघडली.

तानाजीमामांनी शटर वर केलं आणि सवयीनं बाजूला सरकून उभे राहिले, आधी तू आत शिरशील म्हणून. कुणीच शिरलं नाही. मग मी गेले. बंद शेडमध्ये रेझिनचा, वाळू धरून ठेवणाऱ्या त्या चिकट रसायनाचा, उग्र वास कोंडून राहिला होता. त्या वासाला तू 'आपलं अत्तर' म्हणायचीस, आणि लग्नकार्याला जाताना साडी दोन दिवस आधी बाहेर वाळत घालायचीस.

पहिली वाळू कालवली, लाकडी पेट्या भरल्या आणि वाळू घट्ट व्हायची वाट बघत आम्ही सगळे थांबलो. हे थांबणं तू आम्हाला कधी नीट करू दिलं नाहीस. पेटी भरते न भरते तोच तुझा अंगठा वाळूत. "बसला का गं? झालं का?" वाळू अजून ओली असायची, अंगठ्याचा खळगा पडायचा आणि मामा करवादायचे, "बाई, आता पुन्हा भराय लागंल की!" त्यावर तू म्हणायचीस, "भरा की मग. बघितल्याशिवाय कळणार कसं?" आज वाळूच्या एकाही कोरवर खळगा नव्हता. सगळे गुळगुळीत निघाले. मामांनी एक हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला, खाली ठेवला आणि तंबाखू मळायला बाहेर निघून गेले.

तुला मातीही घाईतच दिली. सकाळी तू गेलीस आणि असरच्या नमाजाआधी सगळं आटोपलं. तुमच्यात तशीच रीत आहे हे मला माहीत होतं, तरी तुझ्या घरातल्या बायकांच्यात बसल्या बसल्या मनात आलं, हिच्या स्वभावाला शोभेल असंच झालं हे. इतक्या दुःखात मला हसू फुटलं. तुझ्या लेकीनं, सनानं, माझ्याकडं पाहिलं, तिला काय कळलं कुणास ठाऊक, तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

*

लोक विचारायचे, तुम्ही दोघी शिरोलीला नक्की करता काय? मी समजावून सांगायला लागले की तू मधेच तोंड घालायचीस. "आम्ही पोकळी विकतो." समोरचा बावचळायचा. मग तू सांगायचीस, "पंप बघितलाय न्हवं? लोखंडाचा? त्याच्या पोटात पाणी जायला जागा लागती. ती जागा आधी आम्ही वाळूची बनवतो. त्याला कोर म्हणायचं. फौंड्रीवाले त्याच्याभोवती लोखंड ओतत्यात, मग वाळू झाडून टाकत्यात. पोकळी उरती." माझ्या चार वाक्यांत जे यायचं नाही ते तुझ्या पोकळीत यायचं.

मी तुला पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत. बाईंनी आपली जोडी लावली होती. पांढऱ्या कागदावर पेनानं फुली काढायची, तिच्यावर हायपोच्या द्रावणाचं चंचुपात्र ठेवायचं, त्यात ॲसिड ओतायचं आणि वरून बघत बसायचं. द्रावण हळूहळू दुधट होतं, मग पिवळट, आणि खालची फुली दिसेनाशी होते. तिला दिसेनासं व्हायला किती वेळ लागला त्यावरून अभिक्रियेचा वेग काढायचा. मी हातात घड्याळ धरून बसले होते. तू खिडकीबाहेर बघत होतीस.

"किती वेळ गं हे?"

"द्रावण पातळ आहे. पातळ असलं की वेळ लागतो. बाईंनी सांगितलंय ना, आधी पातळ, मग दाट, मग गरम."

"दाटच घेऊया की एकदम. आमच्याकडची बस कोण तुझा काका थांबवणार हाय व्हय?"

तू राधानगरीकडच्या एका खेड्यातून यायचीस. तुझे अब्बा आठवडी बाजारांतून बांगड्या विकायचे, आणि त्यांनी एकच अट घातली होती, दिवेलागणीच्या आत घरात. ती बस चुकली तर तुझं कॉलेजच चुकणार होतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, ही मुलगी बेफिकीर आहे. मी घड्याळ बघतेय तोवर तू उरलेलं दाट द्रावण बर्नरवर चढवलंस, चांगलं चटका बसेल एवढं तापवलंस आणि त्यात ॲसिड ओतलंस. फुली दिसेनाशी होण्याचा प्रश्नच आला नाही, ओतताक्षणीच सगळं गढूळलं. आणि असा काही गंधकाचा भपका उठला की दोन टेबलं रिकामी झाली. बाई खोकत खोकत आल्या.

"कुणी सांगितलं होतं गं एवढं तापवायला?"

तू अगदी गरीब चेहरा करून म्हणालीस, "बाई, तुम्हीच सांगितलासा. दहा अंशांनी तापवलं की वेग दुप्पट होतो म्हणून. मी म्हटलं, जास्त तापवलं तर आधीची बस गावंल."

बाईंना खोकता खोकता हसू आवरेना. तू पळालीस. टेबल मी आवरलं. दुसऱ्या दिवशी तू माझ्यासाठी हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्यास आणि मला न विचारता माझ्या हातात भरायला लागलीस. "हात ढिला सोड की. अशी ताठून बसलीस तर फुटतील." ती आपली ओळख.

*

तुझं लग्न होऊन तू कोल्हापुरात सदर बाजाराला आलीस. तुझ्या नवऱ्याचा, इक्बालभाऊंचा, टेम्पो होता. तू घरात दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागलीस. मी तेव्हा एका फौंड्रीत वाळू तपासायच्या कामावर होते, आणि सुट्टीच्या दिवशी तुझ्याकडं यायचे. एकदा आले तेव्हा तू ओसरीवर शहाबादी फरशीचा तुकडा घेऊन बसली होतीस, भोवती पोरं. एका ग्लासात ॲसिड घेऊन त्यात तुकडा टाकलास. बारीक बारीक बुडबुडे. मग तसाच दुसरा तुकडा खलबत्त्यात कुटून त्याची पूड केलीस आणि दुसऱ्या ग्लासात टाकलीस. फेस उसळून वर आला, ग्लासातून उतू गेला आणि सासूबाईंच्या धुतलेल्या चादरीवर पसरला.

"बघितला का?" तू चादरीकडं न बघता पोरांना विचारलंस. "फरशी तीच, ॲसिड तेच. मग हे एवढं का उसळलं? कारण तुकड्याच्या आतले कण दडून बसलेले. कुटलं की सगळे उघड्यावर आले. जेवढं अंग उघडं, तेवढी गाठभेट जास्त. अन् अभिक्रिया म्हंजे दुसरं काय न्हाय रं, गाठभेटच. कणांची गाठ पडाय पाहिजे, अन् पडताना जोर पाहिजे. तापवलं की जोर येतो, दाट केलं की गर्दी होती, कुटलं की उघड्यावर येत्यात. संपलं. आता पाठ करू नका, समजून घ्या."

मी बीएस्सीपर्यंत रसायनशास्त्र शिकले, मेहरू, पण इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी तुला म्हटलंही. तू म्हणालीस, "चादर धुवायला ये, मग कौतुक कर."

त्या दिवशी चादर पिळता पिळता मी तुला कोर शॉपचं विचारलं. शिरोलीच्या फौंड्र्या कोर बाहेरून बनवून घेतात, मला त्यातली वाळू कळते, एक लहान शेड भाड्यानं मिळतेय, एकटीला जमणार नाही. मला वाटलं होतं तू विचार करते म्हणशील. चादरीचं टोक तुझ्या हातात होतं. तू ते झटकलंस आणि म्हणालीस, "कधी सुरू करायचं?"

लोक बोललेच. दोन बायका, त्यात एक मुसलमान आणि एक बौद्ध, त्या फौंड्रीवाल्यांच्यात काय टिकणार. पहिल्यांदा आलेल्या एका पावण्यानं दारातूनच विचारलं, "मालक कुठायत?" तू म्हणालीस, "मालक व्हय? एक मी, एक ही. कुठला पाहिजे?"

*

आपली भांडणं मात्र पहिल्या दिवसापासून. तीच ती.

वाळूत आधी ॲसिड घालायचं, ते सगळीकडं नीट लागलं की मग रेझिन. ॲसिड रेझिनला लवकर घट्ट व्हायला लावतं, वाळूचे कण एकमेकांना धरतात आणि कोर दगडासारखा होतो. किती लवकर, ते हवेवर. उन्हाळ्यात पेटी भरेपर्यंत वाळू हातात बसायला लागते. पावसाळी गारठ्यात बघत बसावं लागतं. तू म्हणायचीस, ॲसिड वाढव. मी म्हणायचे, थांब. तू म्हणायचीस, "थांबून कुणाचं भलं झालंय?" मी म्हणायचे, "घाईनं कुणाचं झालंय?"

आणि ते दुसरं भांडण, ते तर मिटायचं नावच घेत नव्हतं. पुस्तकात लिहिलंय की उत्प्रेरक, म्हणजे आपल्याकडं ॲसिड, अभिक्रियेचा वेग बदलतं आणि स्वतः जसंच्या तसं उरतं. तुला ते पटायचं नाही. "जसंच्या तसं उरतं, तर मग ॲसिड कुठाय? दाखव मला. कोर फोडून दाखव." मी सांगायचे, ते वाळूतच आहे, संपलेलं नाही, फक्त आता वेगळं काढता येत नाही. तू म्हणायचीस, "मग जसंच्या तसं कसं म्हणायचं? आत अडकून पडलंय की बिचारं." या एका 'बिचारं'पुढं माझं सगळं शास्त्र गप्प व्हायचं.

त्या पावसाळ्याबद्दल तुझ्याशिवाय कुणाशी बोलणार मी? पंपाच्या कोरची मोठी ऑर्डर होती. पाऊस लागून राहिलेला, वाळू गार आणि दमट. सकाळी भरलेले कोर दुपारपर्यंत मऊच. फौंड्रीच्या पाटील साहेबांचे फोनवर फोन. "ओ बाई, आमची भट्टी पेटलीया. कोर कुठं हायत? लोखंड काय वाट बघत न्हाय." ऑर्डर गेली असती तर शेड गेली असती, हे दोघींनाही कळत होतं.

तू ॲसिड वाढवलंस. मी नको म्हणत असताना वाढवलंस. कोर चटदिशी कडक झाले आणि तू माझ्याकडं जिंकल्यासारखं बघितलंस. पण ते कोर पेटीतून काढताना कडा भुगा व्हायला लागल्या. वाळू पेटीत नीट दाबून बसायच्या आधीच धरत होती, कण एकमेकांना लागायच्या आत सगळं संपत होतं. मी म्हटलं, "बघितलंस? गाठभेट व्हायलाही उसंत लागते." तू फावडं भिंतीला आपटलंस.

आणि त्याच गडबडीत मामांचा हात चुकला. आपल्यातले सगळ्यात जुने, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी 'रेझिन न् ॲसिड सरळ एकत्र करायचं न्हाय' म्हणून दम भरणारे तानाजीमामा. बादलीत रेझिन होतं. एक खेप वाचावी म्हणून त्यांनी त्यातच ॲसिड ओतलं.

मी पलीकडं होते. आधी फसफसल्याचा आवाज आला, मग बादली उकळायला लागली. जाळ नाही, विस्तव नाही, आणि आतून काळाकुट्ट धूर. वाळूत जे पसरून, पातळ होऊन, सावकाश होतं, ते तिथं एकाच जागी, दाट, उघडं समोरासमोर आलं होतं. आपल्याच उष्णतेनं तापत होतं आणि तापलं म्हणून आणखी पेटत होतं. हे सगळं मला समजत होतं आणि माझे पाय जागचे हलत नव्हते.

तू हललीस. मामांच्या खांद्याला धरून त्यांना दाराबाहेर ढकललंस, "भाईर व्हा समदे!" म्हणून ओरडलीस, तोंडाला पदर बांधलास आणि फावड्यानं कोरडी वाळू त्या बादलीत ओतत राहिलीस, एकामागून एक, धूर दबेपर्यंत. एक थेंब उडून तुझ्या मनगटावर बसला.

मग बाहेरच्या नळाखाली तुझा हात धरून मी उभी होते. वरून पाऊस, खाली नळाचं पाणी. मामा पायरीवर बसून रडत होते. मला वाटलं, आता तू मामांना फाडून खाणार. तू म्हणालीस, "मामा, रडू नका. माझी घाई तुम्हाला लागली."

मी हात पाण्याखालून काढू देत नव्हते. तू म्हणालीस, "बास की आता, गारठलो मी." मी म्हटलं, "थांब." तू पहिल्यांदाच थांबलीस. मग हळूच म्हणालीस, "शैले, ॲसिड वाढवायचं नसंल, न् वाट बघायला सवड नसंल, तर राहिलं काय?"

"तापवायचं राहिलं," मी म्हटलं. "रेझिन नाही. वाळू."

पेटी बनवणाऱ्या सुताराकडून लाकडाचे ढलपे आणले. शेडच्या मागं, रेझिनपासून लांब, आडोशाला विटांवर पत्रा मांडला, खाली जाळ केला आणि वर वाळू पसरून हलवत बसलो. तुला वाळू अजून तापवायची होती. मी पत्रा उतरवायला लावला. तू बांधलेला हात बाजूला धरून दुसरा हात वाळूत खुपसलास, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "लेकराला न्हाऊ घालायच्या पाण्याएवढी. बराबर हाय." त्यानंतर आजपर्यंत आपल्याकडं वाळूचं माप तेच आहे. नव्या माणसाला मी आधी विचारते, घरात लेकरू आहे का?

कोर बसले. कडा शाबूत, ठोकला तर खणखणीत. इक्बालभाऊंनी ताडपत्री बांधून ते फौंड्रीत पोचवले. पाटील साहेबांचा पुन्हा फोन आला नाही, तेव्हा तू म्हणालीस, "फोन न्हाय आला म्हंजे पास झालो." पुढची ऑर्डरही त्यांचीच आली.

*

तू कोणाचंही थांबणं सहन केलं नाहीस असं मी आजवर सांगत आले. ते खरं नाही. माझे बाबा गेले तेव्हाची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

माणसं येत होती, जात होती. धीर धर म्हणत होती, आता आईकडं बघ म्हणत होती. तू आलीस आणि भिंतीला पाठ लावून माझ्याशेजारी बसलीस. दुपार झाली, उन्हं उतरली. तुझ्या घरी सना लहान होती, शेडवर काम पडलं होतं, आणि तू, चहासुद्धा उभ्यानं पिणारी तू, तशीच बसून होतीस. मी एकदा म्हटलं, "कधी कमी होणार गं हे?" तू म्हणालीस, "ह्याला जाळ लावता येत न्हाय, शैले. लागंल तेवढा वेळ लागू दे. मी हाय." मी तुला तेव्हा जा म्हटलं नाही. नंतर कधी आभारही मानले नाहीत. आपल्यात ते शोभलंही नसतं. तू म्हणाली असतीस, "चादर धुवायला ये."

पण पुढं तुझ्या पायाला जखम झाली, तिला मात्र तू तेवढा वेळ दिला नाहीस. तुझी साखर वाढलेली, डॉक्टरांनी पाय खाली टेकू नका म्हणून बजावलेलं, आणि तू चप्पल फरफटत शेडमध्ये. मी ओरडले की म्हणायचीस, "जखम भरून यायला उत्प्रेरक न्हाय का गं कुठलं? एवढी बीएस्सी झालीस."

"आहे की. गप पडून राहणं."

"ते माझ्या अंगाला मानवत न्हाय."

तू हसलीस, मीही हसले. जखम भरता भरेना. मग ताप आला, मग तो उतरेना.

दवाखान्यात मी आले तेव्हा तुझा आवाज खोल गेला होता, पण विषय तोच. मशीन. तापलेल्या पेटीत वाळू भरायची, क्षणात कोर बाहेर. सांगलीकडं एका शेडमध्ये चालू आहे, बघून येऊ. "वाट बघणं न्हाय, अंगठा लावणं न्हाय. चार वाजता शटर खाली. शैले, आता तरी व्हय म्हण की." मी म्हटलं, आपलं आहे ते बरं चाललंय, हातानं काम करणारी माणसं आहेत, कशाला चारला बंद करायचंय, करायचंय काय लवकर घरी जाऊन? तू डोळे मिटलेस. मला वाटलं दमलीस. मी म्हटलं, बरी हो, मग भांडू. ते आपलं शेवटचं बोलणं. बरी हो, मग भांडू.

*

आज दुपारी इक्बालभाऊ शेडवर आले. तुझा डबा आणि तुझी कामाची चप्पल न्यायला. त्यांना चहा दिला. ते कपाकडं बघत बसले होते, म्हणून मीच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "भाऊ, आज सगळं शांत शांत चाललंय. घाई करायला कोणी नाही."

ते म्हणाले, "घाई? घरात तर लई सावकाश होती ओ ती. जेवायला बसली की सना कंटाळून उठायची. मी म्हणायचो, शेडवर पण अशीच असतीस काय? तर म्हणायची, तिथं सावकाश करून कसं चालंल. शैलाची आई दिवेलागणीला एकटी भेदरती. अन् शैला हाय असली, काम पडलंय म्हटलं की 'मी जाते' म्हणून कधी म्हणायची न्हाय. म्हणून मीच उरकायला लावतो सगळ्यांना, असं म्हणायची. ते मशीनचं खूळ पण त्यातलंच. म्हणायची, चारला शटर पाडलं की ती उजेडात घरी जाईल."

ते चप्पल पिशवीत घालत होते. बाबा गेल्यापासून आईची नजर अधू झाली. शेजारच्या काकू दुपारभर असतात, पण अंधार पडायला लागला की त्यांना त्यांचं घर. मग मी पोचेपर्यंत आई दार लावून, दिवा न लावता आत बसून राहते. हे मी तुला एकदा, कधीतरी, गाडीवरून पंचगंगेचा पूल ओलांडताना बोलले असेन. एकदाच. वाऱ्यात तुला ऐकूही गेलं नाही असं मला वाटलं होतं.

सगळी घाई माझ्यासाठी होती असं मी म्हणणार नाही. तेवढी मी तुला ओळखते. चहा तू तुझ्यासाठीच घाईत प्यायचीस, आणि वाळूतला अंगठा तुझ्या स्वभावाचा होता. पण त्यातला काही वाटा माझ्या आईचा होता, आणि मी इतकी वर्षं रोज तुला म्हणत राहिले, थांब. तू एकदाही म्हणाली नाहीस, अगं खुळे, तुझ्यासाठीच चाललंय. म्हणायचं होतंस की. मी ऐकलं नसतं, पण म्हणायचं होतंस.

इक्बालभाऊंना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. म्हटलं, सनाला सांगा, रविवारी तिला घेऊन सांगलीला जाऊन येते, काय ते मशीन आहे ते बघते. ते "व्हय" म्हणाले आणि तुझा डबा शेजारच्या सीटवर ठेवून त्यांनी टेम्पो सुरू केला.

परत आले तेव्हा न कालवलेली वाळू अजून उरली होती, पेट्या आणखी एकदा भरता येतील एवढी. मामा माझ्याकडं बघत होते. मी हात धुतले आणि म्हटलं, "मामा, आटपा. राहिलेलं उद्या."

"आत्ताच?" मामा म्हणाले. "अजून ऊन हाय की, बाई."

"म्हणूनच."

पूल ओलांडला तेव्हा नदीवर चांगलं लख्ख ऊन होतं. घरी पोचले तर काकू अजून आईपाशी बसलेल्या, दार सताड उघडं. आईनं माझ्या पावलांचा आवाज ओळखला आणि चेहरा माझ्याकडं वळवला.

"आज लवकर सुटलीस गं?"

चप्पल काढता काढता मी म्हटलं, "मेहरूनं सोडलं, आई."

तू गेल्याचं तिला ठाऊक आहे. माझ्याबरोबर तीही रडलीय. तिनं हात पुढं करून मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "गुणाची पोरगी."